पँटीवरून ओळखलेली गाडी

मास्तरांनी ती मोटारसायकल पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली, त्याच्या तीन दिवस आधीच त्यांना ती अर्धीअधिक पाठ झाली होती. कशावरून म्हणाल, तर पँटीवरून. हसू नका. शिंप्यापुढे पँट टाकली की माणसाचं काही झाकून राहत नाही. कोण दिवसभर खुर्ची उबवतो, कोण गुडघ्यांवर बसून फरशा घासतो, कोणाला खिशात हात घालून उभं राहायची खोड आहे, हे मास्तर पँट उलटी करून दोन मिनिटांत सांगायचे.

दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. खिडकीपाशी मशीन, मधे कापायचं टेबल, भिंतीला लागून इस्त्रीची फळी आणि कोपऱ्यात पडद्याआड आरसा. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मास्तरांची बायको काज-बटणं करत बसायची. मापाची वहीही तिच्याच ताब्यात. मास्तर टेप लावून आकडे बोलायचे, ती लिहायची. आकडे बोलायचे, पण खोट बोलायची नाही, हा दुकानाचा कायदा. एखाद्याचा खांदा उतरलेला असो, पाठीला बाक असो, एक हात दुसऱ्यापेक्षा लांब असो, मास्तर तोंडातून अवाक्षर काढायचे नाहीत. फक्त बोटाने टेबलावर दोनदा टकटक करायचे. मग ती वहीत त्या आकड्याशेजारी एक बारीक त्रिकोण काढायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, मास्तरांच्या हाताला चाळा आहे. निम्म्या गावाच्या नावापुढे ते त्रिकोण होते आणि एकालाही पत्ता नव्हता. कोट अंगात काय बसलाय म्हणत खुशीत जायचे बिचारे.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला एक गॅरेज होतं. तिथल्या मेकॅनिकला सगळे पाना म्हणायचे, कारण त्याच्या मागच्या खिशात कायम एक पाना खोचलेला असायचा. तो खिसा मास्तरांनी आजवर सहा वेळा नव्याने लावून दिला होता. एके दिवशी हा पाना पिशवी भरून पँटी घेऊन आला. त्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या, जाड कापडाच्या, लाल मातीने माखलेल्या.

"मास्तर, एवढ्या दुरुस्त करून द्या. दर रविवारी आमच्यातल्या एकाची तरी फाटतेच."

तो गेल्यावर मास्तरांनी पँटी टेबलावर ओळीने मांडल्या आणि बघतच राहिले. चारही पँटी गुडघ्याला आतल्या बाजूने घासलेल्या. चारही पँटींना उजव्या पायाला आतून, एकाच उंचीवर, भाजल्याचा डाग. आणि बसायचा भाग? कोरा! जणू आजच दुकानातून आणलाय.

"अगं, हे बघ. ही माणसं गाडी चालवतात म्हणे. पण बसत नाहीत."

"मग काय लोंबकळतात?" बायकोने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं.

"तेच तर कळत नाही."

अर्ध्या तासाने तिने मान वर केली, तर मास्तर अजून तसेच. हातात पँट, नाकावर चष्मा, आणि एकही टाका घातलेला नाही. "शिवताय की वाचताय?" ती म्हणाली.

मास्तर खरोखर वाचतच होते. त्यांनी खडू घेतला आणि टेबलावर एक गाडी काढायला घेतली. गुडघे इतके जवळ येतात म्हणजे मधला भाग अरुंद पाहिजे. डाग इतका वर म्हणजे धुराची नळी खालून नाही, उजव्या अंगाने वरून जात असणार. घोट्याजवळ कापड कुठेच अडकलेलं नाही, म्हणजे गाडीला खाली फार काही लोंबत नसणार. दोन दिवसांनी पाना पँटी न्यायला आला आणि टेबलावरचं चित्र बघून उडालाच.

"अरेच्चा! मास्तर, तुम्ही ही गाडी कधी बघितलीत?"

"बघितली नाही बाबा. उसवली."

मग पानाने सगळं सांगितलं. गावाबाहेर दगडाची जुनी खाण आहे ना, तिच्यामागे मैलोन् मैल उंचसखल रान आहे. पायवाटा, घळी, ओढ्याचे कोरडे पाट. तिथे ही मंडळी दर रविवारी हलक्या गाड्या घेऊन जातात. खडबडीत वाटेवर बसून राहिलं तर मणके खिळखिळे होतील, म्हणून पायांवर उभं राहून चालवायचं आणि गाडी गुडघ्यांत धरायची. धुराची नळी वर, कारण खाली दगड लागतात. मास्तर तोंडाचा आ करून ऐकत होते आणि प्रत्येक वाक्याला "हां! हां! म्हणून!" म्हणत होते.

"या एकदा गॅरेजवर," पाना म्हणाला. "एक विकायलाच काढलीय."

आता इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मास्तरांचा डावा पाय आखूड होता. नऊ वर्षांचे असताना भिंतीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि जोडणाऱ्याने जसं जमलं तसं जोडलं. शाळेत त्यांना जे नाव पडलं ते इथे लिहायची गरज नाही, तुम्हाला अंदाज आहेच. शाळा सुटली ती त्या नावापायीच. मग मामाच्या हाताखाली शिवण शिकायला बसले, आणि सतराव्या वर्षी, मामा जेवायला गेलेला असताना, स्वतःचं माप स्वतः घेऊन त्यांनी आयुष्यातली पहिली पँट स्वतःसाठी कापली. डावी बाजू अशी बेतली की पाय आखूड आहे हे कोणाच्या बापाला कळू नये. परगावच्या एका चांभाराकडून डाव्या बुटाच्या आत उंच टाच बसवून घेतली. चाल थोडी सावकाश ठेवली. तिथून पुढे गाव बदललं, लग्न झालं, दुकान झालं, केस पिकले. मास्तर लोकांच्या लेखी एक टापटीप, जरा संथ चालणारा माणूस होते. बस्स. आणि हे तसंच राहावं, कुणाच्या तोंडून ते जुनं नाव पुन्हा कानावर पडू नये, याहून मोठी इच्छा त्यांना नव्हती. बायकोपाशीसुद्धा त्यांनी हा विषय कधी काढला नव्हता. स्वतःच्या पँटी ते स्वतःच कापायचे, आणि वहीत त्यांचं पान नव्हतं.

असा हा माणूस. याने मोटारसायकलचं नाव तरी काढावं का? गेली वीस वर्षं स्कूटर चालवत होते ते. तिला गिअर हाताने पडतात आणि सीट इतकी बुटकी की दोन्ही पाय आरामात टेकतात. पण उत्सुकता ही चीज वाईट. एकदा लागली की माणूस जेवताना भिंतीकडे बघत घास घेतो. दुसऱ्याच दिवशी मास्तर दुपारचं दुकान बायकोवर टाकून गॅरेजवर हजर.

गाडी कोपऱ्यात उभी होती. रंग उडालेला, पण अंगाने काय सडसडीत! पुढचं चाक मोठं, मागचं लहान, टायरला बोटभर उंचीचे रबरी गड्डे. पुढचं मडगार्ड चाकाला चिकटून नव्हतं, तर वीतभर वर होतं. मास्तरांनी विचारलं, असं का? पाना म्हणाला, चिखल अडकून चाक जाम होऊ नये म्हणून. हँडल एवढं रुंद का? दगडावरून चाक वळलं तर आवरायला जोर मिळतो. आणि ही पुढची पट्टी? त्यावर नंबर लावतात, बाकी काही नाही, मास्तर, सगळ्यालाच कारण नसतं. मास्तरांना ते पटलं नाही. त्यांच्या मते या गाडीवर जास्तीचं कापड कुठेच नव्हतं, ज्याने बेतली तो अव्वल कारागीर होता.

"जरा बाजूला ढकलून बघा," पाना म्हणाला.

मास्तरांनी ढकलली. भरलेल्या कपाटाला हात लावावा आणि ते रिकामं निघावं, तसं झालं. "वजनच नाही हिला!"

"तुमच्या स्कूटरपेक्षा कमी भरेल. रानात हेच बघायचं. पडणार तर प्रत्येक जण. पडलेली गाडी एकट्याला उचलता आली पाहिजे, नाहीतर बसा ओढ्यात भजन करत."

पाना विक्रेता म्हणून अगदीच कच्चा होता, म्हणजे खरं बोलायचा. शोरूममधल्या नव्या गाड्या दिसायला झकास, पण जड, आणि पहिल्या पडण्यालाच जीव हळहळतो. रस्त्यावरच्या गाडीला नुसते गड्ड्यांचे टायर चढवले तर तो फॅन्सी ड्रेस झाला. ही गाडी जुनी आहे, जोर बेताचा आहे, चढावर रडते, लाथ मारून सुरू करावी लागते. पण इंजिन हवेवर थंड होणारं, साधं. आत कॉम्प्युटर नाही. कुठल्याही गावात हिचे सुटे भाग मिळतात. शिकणाऱ्याला आणखी काय हवं?

आणि किंमत? कापडाच्या कडा शिवायची नवी ओव्हरलॉक मशीन घेण्यासाठी जेवढे पैसे बाजूला ठेवले होते, नेमकी तेवढीच. घरी येऊन त्यांनी दोन दिवस विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी बायकोच म्हणाली, "सवत कधी आणताय?"

"कोण सवत?"

"ती कोपऱ्यातली. रंग उडालेली. मी भाजी आणायला जाता जाता बघून आले."

"ओव्हरलॉकचे पैसे आहेत ते."

"ओव्हरलॉक काय पळून जातेय? तुम्ही सत्तावन्न वर्षांचे झालात. ओव्हरलॉक सत्तराव्या वर्षीही चालवता येईल." मग हातातलं बटण बाजूला ठेवून तिने विचारलं, "मला एक सांगा. उभं राहूनच चालवायची, तर सीट लावलीय कशाला?"

मास्तरांना तो प्रश्न इतका आवडला की ते तसेच उठून गॅरेजवर विचारायला गेले. पाना म्हणाला, सीट थांबायला आणि सपाटीला. थांबलं की पाय टेकायला हवेत ना! आणि मग, हात पुसत, तो अगदी सहज बोलून गेला, "बरं झालं आठवलं. तुमच्या पायाची आतली उंची सांगा. गाडी उंच आहे, तुम्ही तसे बेताचे. मागचा शॉकअप खाली घेतो, सीट कापून घेऊ. दोन्ही पाय टेकतील अशी करून देतो. काय माप आहे?"

मास्तरांनी आयुष्यात हजारो लोकांना हा प्रश्न विचारला होता. त्यांना कोणी पहिल्यांदाच विचारला.

"एकोणतीस," ते म्हणाले. ते उजव्या पायाचं माप होतं. जवळ टेबल नव्हतं म्हणून बरं, नाहीतर बोट आपोआप दोनदा वाजलं असतं.

सीटचं काम मात्र त्यांनी पानाला करू दिलं नाही. सीट दुकानात आणली, जुनं कव्हर उसवलं, आतला फोम कापायच्या सुरीने पातळ केला, कडा अशा उतरवल्या की मांडीला लागू नयेत, आणि वर तंबूच्या कापडाचं नवं कव्हर दुहेरी टीप घालून चढवलं. त्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकांचे कपडे लांबले. एक जण तर चिडून म्हणाला, मास्तर, माझ्या सदऱ्याला मुहूर्त बघताय का? मास्तरांनी त्याला सीटची शिवण दाखवली आणि विचारलं, कशी वाटते?

रविवारी सकाळी खाणीमागच्या रानात तिघेच होते. पाना, मास्तर आणि बायको. तिला नको म्हणून सांगितलं होतं, पण ती पाण्याची बाटली आणि टोपी घेऊन आधीच दारात उभी होती. मास्तरांनी सगळा विचार करून ठेवला होता. आपल्या बुटात उंच टाच आहे. सीट उतरवलेली आहे. डावा पाय टेकेल. कोणाला कळायचं नाही.

पानाने टेम्पोतून गाडी उतरवली, हेल्मेट दिलं आणि टेम्पोतूनच गुडघ्यापर्यंतचे जाडजूड बूट काढून पुढे केले.

"तुमचे बूट काढा. हे घाला. याशिवाय मी कोणाला बसू देत नाही."

झालं! आयुष्यभर दुसऱ्याचं माप बूट घालून घ्यायचं की काढून, याचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हे सुचलंच नव्हतं. मास्तर दगडावर बसले. बोलून टाकावं, असं एकदा ओठांवर आलं. पण तोंड उघडलं की सगळं संपलं असं त्यांना वाटलं. सोमवारी पाना गॅरेजवर बोलणार, गॅरेजवरून गल्लीत, आणि गल्लीतून ते नाव परत. त्यांनी पाठ फिरवून बूट बदलले.

सुरुवात झकास झाली. पाना शेजारून धावत सांगत होता, क्लच सोडा, हळू, आता उभे राहा! मास्तर उभे राहिले. गाडी खालून दगडांवर उड्या मारत होती आणि वर मास्तर जवळजवळ स्थिर. "अगं, हे बघ! म्हणून गुडघे झिजतात!" ते ओरडले. आनंद म्हणजे काय, अगदी पोरकट आनंद! बायको टाळ्या वाजवत होती. मग थांबायची वेळ आली. त्यांनी क्लच दाबला, सीटवर बसले, डावा पाय खाली सोडला, आणि खाली काहीच नव्हतं. जमीन दोन बोटं लांब होती. मास्तर आणि गाडी दोघंही डाव्या अंगावर आडवे.

"सगळेच पडतात!" पाना हसत आला. खरंच, गाडी मास्तरांना एकट्याला उचलता आली. दुसऱ्यांदा निघाले, पुन्हा छान चालवली, थांबले, पुन्हा डावीकडे धाडकन. तिसऱ्यांदा तेच. या वेळी कोपर सोलवटलं. आता पाना हसेना. त्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने खिशातला पाना काढला, हँडल तपासलं, पुढच्या चाकासमोर पालथा पडून एक डोळा मिटून बघितलं, गाडीला चारी बाजूंनी प्रदक्षिणा घातली.

"मास्तर, मला माफ करा," तो म्हणाला. "ही गाडी मी तुम्हाला देत नाही."

"का रे?"

"तीनदा पडलात, तिन्ही वेळा डावीकडे. चालवता तर उत्तम. म्हणजे गाडी ओढतेय. आधीच्या मालकाने कुठेतरी आपटलेली दिसते, सांगाडा वाकलाय. माझ्या नजरेला आलं नाही, पण आहे खरं. वाकडी गाडी माहीत असून मी कोणाच्या गळ्यात मारणार नाही. उद्या खोलून सुटे भाग करून टाकतो."

मास्तरांनी गाडीकडे बघितलं. एवढी बेतशीर वस्तू, जिच्यावर जास्तीचं एक सूत नाही, ती उद्या खोलली जाणार. आणि का, तर त्यांचा पाय लपावा म्हणून. गप्प बसलं तर कोणालाच काही कळणार नव्हतं. पाना स्वतःच माफी मागत होता. घरी जायचं, ओव्हरलॉक घ्यायची, विषय संपला. असं सोपं कधी कोणाचं सुटलं असेल?

आणि तेवढ्यात त्यांच्या कानावर आवाज आला. टक. टक.

बायको गाडीपाशी उभी होती. तिचं बोट पेट्रोलच्या टाकीवर होतं. ती मास्तरांकडे बघतही नव्हती, त्यांच्या डाव्या बुटाकडे बघत होती. सव्वीस वर्षांचा संसार, आणि ती खूण ते गिऱ्हाइकासाठी करायचे. आज त्यांच्यासाठी कोणीतरी केली.

"पाना," मास्तर म्हणाले. "गाडीला नावं ठेवू नकोस. गाडी सरळ आहे. माझा डावा पाय आखूड आहे. लहानपणी मोडला होता."

बोलून झालं आणि ते वाट बघत राहिले. पानाचा चेहरा आता बदलेल, डोळ्यांत ती कीव येईल, किंवा हसू. पानाचा चेहरा बदलला खरा. तो भडकला.

"हात्तिच्या! मग आधी बोलायला काय झालं होतं? हँडल तपासलं मी! मातीत लोळलो! एकोणतीस म्हणालात, म्हणून मी एकोणतिसावर शॉकअप बसवला. चुकीचं माप देता आणि शिंपी म्हणवता?"

बायको फस्सकन हसली. मास्तरांना काय करावं कळेना. आयुष्यभर ज्या गोष्टीला भ्याले, तिच्यावरून कोणीतरी त्यांना चुकीच्या मापाबद्दल झापत होतं.

"उपाय आहे का?" त्यांनी विचारलं.

"उपाय काय, लोखंडाचा तुकडा! डावा फूटरेस्ट तेवढा वर उचलायचा, गिअरचं पेडल त्याच्याबरोबर वर. आणि थांबताना उजवा पाय टेकायचा. रानात दोन्ही पाय टेकतो कोण? मीही एकच टेकतो. पण नेमकं किती, ते सांगा. की त्यातही काही लपवताय?"

"पावणेदोन इंच," मास्तर म्हणाले.

"मी मोजेन," बायको म्हणाली.

तिघे तसेच गॅरेजवर आले. रविवारी तिथे गर्दी असते. दोन गिऱ्हाईकं बाकावर बसली होती, पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवत होता. मास्तरांनी आतल्या बाजूला, टायरच्या ढिगाआड उभं राहायचा प्रयत्न केला. बायकोने त्यांना हाताला धरून उजेडात आणलं. पानाकडून पाव इंच जाडीच्या चौकोनी लोखंडी पट्ट्या मागून घेतल्या. मास्तरांना अनवाणी उभं केलं, त्यांच्या मागे जाऊन बसली आणि त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावर नजर लावली. डाव्या टाचेखाली एक पट्टी सरकवली. मग दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी सरकवली आणि म्हणाली, "बस. सरळ झालं."

"पाच कशा? सात लागतील. पावणेदोन आहे."

"पाचच. सव्वा इंच."

"अगं, मी स्वतः मोजलंय!"

"कसं मोजलंत?"

"कसं म्हणजे? उभा राहिलो, टेप धरला, खाली वाकून..." आणि मास्तर एकदम थांबले. दिवसातून दहा वेळा ते गिऱ्हाइकाला काय सांगायचे? खाली बघू नका, समोर बघा, तुम्ही वाकलात की माप बदलतं. शिकाऊ पोरालाही पहिल्या दिवशी कळणारी गोष्ट. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, म्हणून तर जगात शिंपी आहेत. आणि सतराव्या वर्षी, दार लावून, घाईघाईत घेतलेल्या त्या मापावर ते चाळीस वर्षं कापड कापत आले होते. चाळीस वर्षं अर्धा इंच जास्तीची टाच बुटात घालून चालत होते. उजवी कंबर दुखते ती मशीनवर बसून, असं त्यांनी गृहीतच धरलं होतं.

त्यांना आधी हसू आलं. मग डोळे भरून आले, आणि ते लपवायला हातात रुमालही नव्हता.

"तुला कधीपासून माहीत आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"लग्नानंतर पहिली पँट वाळत घातली तेव्हापासून. शिंप्याच्या घरात आले होते, आंधळी नव्हते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचाच कायदा ना? गिऱ्हाइकापुढे खोट बोलायची नाही."

"मी काय गिऱ्हाईक आहे?"

"तेच तर," ती म्हणाली. तिच्या हातातल्या पट्ट्या किणकिणल्या. "वहीत सगळ्या गावाचं माप आहे. तुमचं तेवढं नाही. मी वाट बघत होते, तुम्ही कधी देताय."

तेवढ्यात पाना लोखंडाची कांब खांद्यावर टाकून आला आणि सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "मास्तर, किती कापू?"

बाकावरच्या दोघांनी माना वर केल्या. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यातून बाहेर काढली. मास्तर पाच पट्ट्यांवर सरळ उभे होते, समोर बघत होते.

"सव्वा इंच," ते मोठ्याने म्हणाले. "डाव्या पायाला. तो आखूड आहे."

"बरं," पाना म्हणाला आणि करवत शोधायला गेला.